अभ्यंग आणि अभिषेक : एक शब्दविचार

मराठीला तेलासंबंधीच्या शब्दांचा तोटा कधीच पडला नाही. बाळंतिणीच्या खोलीत बाळाची टाळू भरतात, लग्नघरी तेलवण होते, दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान घडते, शनिवारी मारुतीला तेल वाहतात, आणि देवळातील नंदादीपाच्या तेलवातीसाठी जमिनी इनाम करून दिल्याचे दाखले जुन्या सनदांतून जागोजाग आढळतात. इतका सगळा सरंजाम असूनही, एखाद्या मनुष्याच्या मस्तकी विधिपूर्वक तेल घालून त्याला ईश्वरी कार्यासाठी इतरांपासून वेगळा काढणे आणि त्याच्यावर देवाचा वरदहस्त असल्याचे त्या तेलाच्या द्वारे चारचौघांत जाहीर करणे, या विशिष्ट क्रियेसाठी मात्र आपल्या भाषेजवळ तयार असा एक शब्द नव्हता. ख्रिस्ती धर्मग्रंथ मराठीत उतरवू लागलेल्या पंडितांना ही उणीव पहिल्याच पानावर भासली असणार, कारण ज्याच्या चरित्रासाठी तो सारा खटाटोप चालला होता त्याच्या उपाधीचाच अर्थ ‘तेलाने माखलेला’ असा आहे. त्यांनी संस्कृतच्या भांडारातून ‘अभिषेक’ आणि ‘अभ्यंग’ असे दोन शब्द उचलले, आणि तेव्हापासून ते दोन्ही, कधी विवेकाने आणि कधी केवळ सवयीने, मराठीत या कामावर तैनात आहेत. त्या दोहोंची मूळ वतने कोणती आणि त्यांच्यात हद्द घालता येते काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘अभ्यंग’ हा शब्द ‘अञ्ज्’ या धातूपासून आला. माखणे, चोपडणे आणि त्यायोगे वस्तूला उजाळा आणून ती डोळ्यांपुढे स्पष्ट करणे, इतका अर्थ त्या धातूच्या पोटात आहे. डोळ्यांतील अंजन त्याचेच, अन्नाला रुची आणणारे व्यंजन त्याचेच, आणि आपण सध्या ज्याचा फार सढळ वापर करतो ते ‘व्यक्त होणे’ही त्याचेच. युरोपीय भाषाशास्त्रज्ञांनी लॅटिनमधील ‘उंग्वेरे’ हे क्रियापद याच धातूचे सहोदर ठरविले आहे. म्हणजे रोमन धर्मपीठाचा ‘उंक्तिओ’ आणि आपल्या आजीच्या तोंडचा ‘अभ्यंग’ हे एकाच पूर्वजाचे वंशज होत. ‘अभिषेक’ निराळ्या घराण्यातला आहे. त्याचा धातू ‘सिच्’, आणि सिंचन हे पाण्याचे असते. राजसूयातील अभिषेचनीय विधीसाठी सतरा प्रकारचे जल गोळा करावयास शतपथ ब्राह्मण सांगते, तर ऐतरेय ब्राह्मणाने इंद्राच्या महाभिषेकाचे वर्णन करून तोच विधी पृथ्वीवरील राजाला लागू केला आहे. अभ्यंगात द्रव्य अंगात मुरवावयाचे असते, अभिषेकात ते अंगावरून ओघळू द्यावयाचे असते. हा भेद वरवर क्षुल्लक दिसला तरी पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

वैदिक कर्मकांडात माखण्याच्या विधीला स्थान नव्हते असे मात्र कोणी समजू नये. यज्ञाचा यूप उभारताना त्याला तूप माखीत, आणि त्या प्रसंगासाठी ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात स्वतंत्र सूक्तच आहे. सोमयागाची दीक्षा घेणाऱ्या यजमानाच्या सर्वांगाला लोणी लावीत आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घालीत. येथे ऐतरेय ब्राह्मणाने केलेली फोड मोठी मार्मिक आहे: आज्य देवांचे, घृत मनुष्यांचे, आयुत पितरांचे, आणि नवनीत मात्र गर्भाचे; दीक्षित हा नव्या जन्माच्या वाटेवरचा गर्भ असल्याने त्याला ताजे लोणीच लागावयाचे. एका स्निग्ध पदार्थाच्या चार अवस्था करून त्या चार योनींना वाटून देणारी ही बुद्धी तेलाच्या बाबतीत मात्र साशंक राहिली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्रह्मचाऱ्याला ज्या गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत त्यांत अभ्यंग आणि अंजन यांची गणना आहे. तेल हे गृहस्थाचे, भोगाचे, देह पोसणाऱ्याचे लक्षण. ते सोडणे हे तपाचे लक्षण. वाग्भटाने तर अभ्यंग रोज करावा, त्याने जरा, श्रम आणि वात यांचे हरण होते, असे सांगून त्याला सरळ दिनचर्येत बसवून टाकले. जे द्रव्य रोज न्हाणीघरात लागते आणि व्रतस्थाला निषिद्ध असते, त्याने आपल्याकडे राजा किंवा आचार्य घडविला नाही, यात आश्चर्य नाही.

इस्राएल लोकांत नेमके उलट घडले, आणि त्या उलटेपणातच आपल्या भाषांतरकारांच्या सगळ्या अडचणींचा उगम आहे. हिब्रू भाषेत ‘माशाह’ म्हणजे माखणे. हे क्रियापद आरंभी काही फार सोवळे नव्हते: यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात ढालींना तेल चोपडण्यासाठी ते येते आणि यिर्मयाच्या ग्रंथात घराला हिंगुळासारखा लाल रंग फासण्यासाठीही तेच येते. मारुतीच्या अंगावरील शेंदराची पुटे पाहिलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट ऐकून मौज वाटेल, आणि याकोबाची कथा तर त्याला घरचीच वाटेल. रानात दगड उशाला घेऊन निजलेल्या याकोबाला स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी दिसते, आणि सकाळी उठल्याबरोबर तो तोच दगड उभा करून त्यावर तेल ओततो व त्या स्थळाला देवाचे घर असे नाव देतो. आमच्या गावकुसाबाहेरचा म्हसोबा याहून फारशा निराळ्या रीतीने देवपदाला चढत नाही. परंतु पुढे हे तेल दगडावरून माणसाच्या मस्तकावर आले. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात त्याची कृती वजनासह दिली आहे: गंधरस पाचशे शेकेल, दालचिनी अडीचशे, सुगंधी वेत अडीचशे, तज पाचशे, आणि या सर्वांना एक हिन जैतुनाचे तेल. त्याच प्रमाणात दुसरे तेल कोणी खासगी उपयोगासाठी केले, किंवा ते परक्या माणसाला लावले, तर त्याला जातीबाहेर टाकावे अशी सक्त ताकीदही सोबत आहे. म्हणजे तेल सर्वांचे होते, पण हे तेल कोणाचेच नव्हते. याने अहरोन याजक झाला. शमुवेलाने याच रीतीने प्रथम शौलाला आणि मग मेंढरे राखणाऱ्या दाविदाला राजा केले. आणि ‘माशीअह’, म्हणजे माखलेला, हे बिरुद पुढे इतके प्रशस्त झाले की यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात ते कुरुश या इराणी बादशहालाही बहाल केलेले दिसते, ज्याच्या मस्तकाला कोणा यहुदी याजकाने तेल लावल्याची वार्ता नाही. द्रव्य गळून पडले आणि नुसता अधिकार उरला, याचे हे ठळक उदाहरण होय.

न्हाण्यानंतर अंगाला लावावयाच्या साध्या तेलासाठी मात्र हिब्रूत ‘सूख’ हे वेगळे क्रियापद राखलेले होते. रूथ बवाजाकडे जाण्यापूर्वी तेल लावते ते या क्रियापदाने. दाविदाचे मूल दगावते तेव्हा तो उठून स्नान करतो, तेल लावतो आणि वस्त्रे बदलतो. तकोवा गावच्या स्त्रीला शोकाचे सोंग करावयास सांगताना यवाब बजावतो की अंगाला तेल लावू नकोस. सुतकात तेल वर्ज्य मानणाऱ्या आणि सुतक फिटल्यावर पुन्हा न्हाऊन माखून व्यवहाराला लागणाऱ्या मराठी घराला या प्रसंगांवर टीप लिहून देण्याची गरज नाही. दोन दूरदेशीचे समाज येथे एकमेकांना बिनदुभाषी समजतात, आणि ते समजतात ‘सूख’च्या हद्दीत, ‘माशाह’ची हद्द लागली की दुभाष्या बोलवावा लागतो.

ग्रीक भाषांतरकारांचे नशीब थोर, कारण त्यांच्या भाषेतही दोन क्रियापदे होती आणि ती या भेदावर पुष्कळशी बरोबर बसली. विधीच्या तेलासाठी ‘ख्रीओ’, त्यापासून ‘ख्रिस्तोस’. नित्याच्या आणि औषधाच्या तेलासाठी ‘अलैफो’. नव्या करारात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी असे याकोबाचे पत्र सांगते तेथे क्रियापद दुसरे आहे, आणि उपास करणाऱ्याने तोंड उतरवून न बसता डोक्याला तेल लावावे असे येशू सांगतो तेथेही दुसरेच. बेथानी गावी एक स्त्री संगमरवरी कुपी फोडून जे बहुमोल सुगंधी तेल त्याच्या मस्तकावर ओतते, ते तर निघाले होते आपल्या हिमालयातून: ‘नार्द’ म्हणजे जटामांसी, आणि ते नाव संस्कृत ‘नलद’ या शब्दावरून पश्चिमेकडे गेले असे विद्वान मानतात. भडोचच्या बंदरातून हा माल रोमन व्यापाऱ्यांच्या गलबतांवर चढत असे. शिष्य त्या उधळपट्टीबद्दल कुरकुरले याचे कारण त्या मालाच्या प्रवासखर्चात शोधावयास हवे.

हिब्रू ‘माशाह’च्याच धातूची आणखी एक शाखा अरबीतून निघाली. ‘मसह’ म्हणजे ओल्या हाताने पुसणे. वजू करताना डोक्यावरून हात फिरवितात तो मसह. त्यातून ‘मसीह’, आणि फारसी-उर्दूच्या वाटेने मराठीत ‘मसीहा’. आजच्या वृत्तपत्री मराठीत गरिबांचा मसीहा, शेतकऱ्यांचा मसीहा असे जे पुढारी आठवड्याला एक या हिशेबाने जन्मतात, त्यांच्या बिरुदात तेलाचा थेंबही उरलेला नाही. ‘ख्रिस्त’ हे तर मराठीत निव्वळ विशेषनामच झाले. तेव्हा अर्थ जिवंत ठेवावयाचा तर तो भाषांतरानेच ठेवता येणार होता.

ख्रिस्ती विषयावरील मराठी वाङ्मयाची सुरुवात भव्य आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले, आणि एका इंग्रज जेझुइटाने दहा हजारांहून अधिक ओव्यांत रचलेला तो ग्रंथ आजही अभ्यासकांना थक्क करतो. पण पुराणकार मोकळा असतो. शब्दाला शब्द देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. ते बंधन आले श्रीरामपूरच्या विल्यम केरीवर आणि त्याच्या साहाय्यास असलेल्या वैजनाथ पंडितावर. त्यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला. पुढे मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये आपला काढला. आणि दुरुस्त्या होत होत सध्याचे प्रचलित भाषांतर आकारास आले. या प्रचलित भाषांतरात जी वाटणी स्थिरावली आहे ती मला फार समंजस वाटते. राजा, याजक आणि येशू यांना ‘अभिषेक’ होतो. राजा हा परमेश्वराचा ‘अभिषिक्त’ असतो. आजाऱ्याला साध्या मराठीत ‘तेल लावतात’. आणि तेविसाव्या स्तोत्रात, जेथे देव यजमान होऊन भक्ताला जेवावयास बसवितो आणि त्याच्या मस्तकाला तेल लावतो, तेथे ‘अभ्यंग’ योजला आहे. त्या ठिकाणी मूळ हिब्रूत ‘माशाह’ नाहीच. मस्तक तेलाने तुष्ट केले अशा भावाचे निराळेच क्रियापद आहे. पाहुण्याच्या आदरातिथ्याला ‘अभिषेक’ म्हटले असते तर जेवणाच्या पंगतीला दरबाराचे रूप आले असते.

आक्षेपक म्हणेल की अभिषेक पाण्याचा, मग तेलाला तो शब्द कसा चालला? याचे उत्तर असे की, पंडितांनी तो उचलण्यापूर्वीच आपल्या देवळांनी त्याला मोकळा करून ठेविले होते. दूध, दही, तूप, मध, साखर यांच्या पंचामृताचा अभिषेक घरोघर चाललेलाच होता. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या महामस्तकाभिषेकात उसाच्या रसापासून केशरापर्यंत कितीतरी द्रव्ये त्या प्रचंड मूर्तीवरून वाहतात. अग्निपुराणातील राज्याभिषेकात तर सोन्याच्या कुंभातील तूप, रुप्याच्या कुंभातील दूध आणि तांब्याच्या कुंभातील दही निरनिराळ्या वर्णांच्या अमात्यांनी निरनिराळ्या दिशांनी राजावर ओतावयाचे असते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर गागाभट्टांनी शिवछत्रपतींना केलेला अभिषेक ज्या परंपरेतला, ती परंपरा मुख्यतः जलाची असली तरी स्निग्ध द्रव्याला परकी नव्हती. शिवाय मराठी कानाला अभिषेक म्हटले की पद आठवते, द्रव्य नव्हे; म्हणून तर एखाद्या क्षेत्रातल्या निर्विवाद श्रेष्ठाला आपण ‘अनभिषिक्त सम्राट’ म्हणतो आणि त्याच्यावर कोणते पाणी पडावयाचे राहिले याची चौकशी करीत नाही. हिब्रू शब्दाचा जो अर्थ कुरुशाच्या बाबतीत उरला होता, तोच येथेही उरला आहे.

पंडिता रमाबाईंची भूमिका मात्र या सर्वांहून निराळी होती. केडगावच्या मुक्तिसदनात बसून त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून संपूर्ण बायबलाचे मराठी केले. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर पडले. संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने भाषांतरातून संस्कृतचे ओझे जाणूनबुजून उतरविले, कारण आपल्या आश्रमातील अडाणी मुलीबाळींना ते समजावे आणि मंत्रतंत्राच्या, देवपूजेच्या जुन्या शब्दांचा वास त्याला लागू नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या हेतूविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, शब्दाला वास असतो म्हणूनच तो उपयोगी पडतो. ‘अभिषेक’ या शब्दाला गाभाऱ्याचा वास आहे हे खरे, पण तो काढून टाकला तर उरते ते डोक्यावर तेल ओतणे, आणि त्यातून दावीद राजा का होतो हे मुलीबाळींना अधिकच कळेनासे होईल.

आता लोकव्यवहाराकडे वळले म्हणजे, तेलाला आशीर्वादाचे सामर्थ्य नाही हे वरचे विधान बरेच सैल करावे लागते. शास्त्राने जे नाकारले ते लोकांनी दिले आहे. लग्नातील हळदीच्या आधीचे तेलवण पाहा: सवाशिणींनी आंब्याच्या पानाने किंवा दूर्वांनी थेंब थेंब तेल लावावयाचे, ते देह चोळण्यासाठी अर्थातच नसते, त्या थेंबांनी मुलगी नवरी होते. जेजुरीला मार्गशीर्षातील षड्रात्रोत्सवात चंपाषष्ठीच्या आदल्या संध्याकाळी तेलहंडा निघतो, मानकऱ्यांच्या घरचे तेल त्यात जमा होते, आणि गावाने घातलेल्या त्या तेलाने खंडोबाला तेलवण होते. गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिस्ती लग्नातील ‘रोस’ याच कुळातला. तेथे नारळाचे दूध आणि तेल वधूवरांना आप्तेष्टांनी लावावयाचे असते, आणि चर्चमधला विधी त्यानंतरचा. पेशवाईतील अत्तरगुलाबही मी या यादीत घेईन, कारण दरबार बरखास्त होताना पाहुण्याच्या हाताला लावलेले अत्तर ही मर्जीची मोहोर होती. या सर्व ठिकाणी लावणारा हात महत्त्वाचा, आणि तो हात उपाध्यायाचा नव्हे, नातलगाचा किंवा यजमानाचा असतो. याकरिता मराठीने एक सामान्यनाम न घडविता तेलवण, तेलहंडा, टाळू भरणे असे प्रसंगापुरते शब्द घडविले.

या ओघात कोकणातील बेने इस्राएल समाजाची आठवण होणे अपरिहार्य आहे. अलिबागच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणारे हे मराठीभाषी यहुदी शब्बाथला घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांचे नाव ‘शनवार तेली’ असे पाडले. ज्यांच्या धर्मग्रंथात तेलाने राजे होतात त्यांच्या वाट्याला येथे तेल काढण्याचाच व्यवसाय यावा, आणि ज्या वारी बाकीचा गाव मारुतीसाठी तेल घेऊ पाही त्याच वारी त्यांचे दुकान बंद असावे, हा योग इतिहासाने मोठ्या खोडकरपणे जुळवून आणलेला दिसतो.

अलीकडे ‘तैलाभिषेक’ हा जोडशब्द फार बोकाळला आहे. शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरील शिळेवर डबेच्या डबे ओतले जातात त्यास तो यथार्थ आहे, कारण तेथे तेल खरोखरच ओघळते. परंतु पाश्चात्त्य राज्यारोहणाची वार्ता देताना तोच शब्द वापरणे मला गैरलागू वाटते. लंडनला २ जून १९५३ रोजी राणी एलिझाबेथला तेल लावले गेले ते आर्चबिशपच्या बोटाने, हात, छाती आणि मस्तक यांवर, छताखाली आणि कॅमेऱ्यांच्या नजरेआड. जुन्या तेलाचा साठा १९४१ च्या बाँबवर्षावात नष्ट झाल्याने ते तेल नव्याने सिद्ध करावे लागले होते. अर्थाने पाहता हा अभिषेक आहे, क्रियेने पाहता हे लेपन आहे; येथे नुसता ‘अभिषेक’ पुरतो, ‘तैल’ जोडल्याने डोळ्यांपुढे धार उभी राहते आणि चित्र बिघडते.

राहता राहिला आजाऱ्याच्या तेलाचा प्रश्न, आणि तेथे अजून घोटाळा आहे. कॅथलिक पंथात पवित्र गुरुवारच्या सुमारास बिशप तीन तेले सिद्ध करतो: दीक्षार्थींचे, आजाऱ्यांचे, आणि सुगंधी द्रव्य मिसळलेले क्रिस्म. यांपैकी क्रिस्म हे अधिकाराचे तेल आहे. याजकदीक्षेत आणि दृढीकरणात ते लागते, आणि तेथे ‘अभिषेक’ म्हणावयास हरकत नाही. आजाऱ्यांच्या तेलाला १५५१ च्या ट्रेंट परिषदेने संस्कार म्हणून पक्के केले, पण व्यवहारात ते मरणोन्मुखापुरते राहिले आणि पोर्तुगिजांबरोबर गोव्यात आले तेही ‘शेवटचे लेपन’ या अर्थाच्या नावाने. परिणामी पाद्री तेलाची कुपी घेऊन घरात शिरला की रोग्याने आशा सोडावी असा समज दृढ झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, हे मरणाचे नव्हे, आजारपणाचे तेल आहे, असे सांगून नाव बदलले. मराठीत या विधीला ‘अंतिम’ हे विशेषण अजून चिकटवितात ते टाकून द्यावे, आणि ‘अभिषेक’ही येथे नको, कारण खाटेवरच्या माणसाला कोणते पद द्यावयाचे नसते. ‘रुग्णाभ्यंग’ हा शब्द सुटसुटीत आहे. त्यात वाग्भटाचा उपचार आहे, याकोबाच्या पत्रातील साधे क्रियापद आहे, आणि धातूच्या दृष्टीने लॅटिनशी नातेही आहे. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी जैतुनाच्या तेलाची सक्ती काढून कोणतेही वनस्पतिजन्य तेल चालेल अशी मुभा दिली, त्यामुळे वसईच्या किंवा सावंतवाडीच्या धर्मगुरूला आता खोबरेल वापरण्यासही शास्त्राची आडकाठी राहिलेली नाही.